चेक इंजिन लाइट लागली: डोंगल, मोठा स्कॅनर की मल्टिमीटर?

चेक इंजिन लाइट लागली म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने बिघाडाचा एक नंबर, म्हणजे कोड, साठवलेला असतो. इलेक्ट्रिकल कोड आला की बहुतेक जण आधी तो वाचणारा स्कॅनर बघत बसतात, महागातला घेऊ की स्वस्तातला. माझं मत आधीच सांगतो, बजेट मर्यादित असेल तर साधा डोंगल आणि एक बरा डिजिटल मल्टिमीटर अशी जोडी घ्या, मोठा स्कॅनर नंतर.

डोंगल म्हणजे ईएलएम३२७ चिपवाला छोटा कोड रीडर, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि फोनवर ॲप. इंजिनचे कोड वाचतो, पुसतो, लाइव्ह डेटा दाखवतो, आणि फ्रीझ फ्रेम पण, म्हणजे कोड आला त्या क्षणाचे साठवलेले आकडे. आयफोनवाल्यांनी वायफाय किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेलाच घ्यावा, जुना ब्लूटूथवाला तिथे चालत नाही. एबीएस, एअरबॅग मात्र यात बहुतेक वेळा दिसत नाही.

मोठ्या स्कॅनरचा खरा फायदा दोन गोष्टींत आहे, सगळे मॉड्यूल (इंजिन, एबीएस, एअरबॅग यांचे वेगवेगळे कॉम्प्युटर) वाचतो आणि ॲक्च्युएटर टेस्ट करता येते, म्हणजे स्क्रीनवरूनच रेडिएटर फॅन किंवा पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) चालू करून बघायचा. फॅन फिरला तर रिले, वायर, मोटर सगळं ठीक आणि शोध तिथेच निम्मा होतो. पण घेण्याआधी तुमचं मॉडेल आणि वर्ष त्याच्या यादीत आहे का ते बघा, अपडेटला दरवर्षी पैसे लागतात का तेही.

आता मुद्द्याचं. दोन्ही यंत्रं फक्त कुठल्या सर्किटची तक्रार आहे ते सांगतात, कुठला पार्ट गेला ते नाही. माझ्या गाडीला पी०११८ आला होता, कूलंट टेंपरेचर सेन्सरचं व्होल्टेज जास्त, मी सरळ सेन्सर बदलला आणि दुसऱ्या दिवशी कोड परत हजर. लाइव्ह डेटात उणे ४० दिसत होतं, म्हणजे सर्किट कुठेतरी तुटलेलं. मग कनेक्टर काढून त्याच्या दोन्ही पिना छोट्या वायरने जोडल्या, वायरिंग चांगलं असतं तर आकडा एकदम वर जायला हवा होता, तो उणे ४० वरच राहिला. वायर कनेक्टरपाशी आतून तुटली होती, वरचं प्लास्टिक धड! सेन्सरचे पैसे वाया गेले. (ही युक्ती फक्त दोन वायरच्या टेंपरेचर सेन्सरला, तीन वायरवाल्याला अजिबात करू नका.)

म्हणून मल्टिमीटर. बंद गाडीत चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, चालू गाडीत १३.८ ते १४.५ च्या आसपास, हे आधी बघा कारण बॅटरी किंवा अर्थिंग ढिलं असलं की असंबंधित कोडांची रांग लागते. अर्थिंग ओहमवर तपासू नका, वायरीत एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्याजवळच दाखवतो. हेडलाइट, फॅन चालू ठेवून बॅटरीच्या मायनस टोकापासून इंजिनच्या धातूपर्यंत व्होल्टेज बघा, ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंग साफ करा. यू ने सुरू होणारा कोड असेल, म्हणजे मॉड्यूलांचं आपसातलं बोलणं तुटल्याचा, तर बॅटरी काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा, बहुतेक कॅनवाल्या (मॉड्यूल जोडणारी दोन वायरची लाइन असलेल्या) गाड्यांत ६० च्या आसपास यायला हवेत, १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा तिथली वायर तुटलीय.

कोड पुसायच्या आधी फोटो काढून ठेवा, कारण पुसला की फ्रीझ फ्रेम पण जातं आणि नंतर कुणाला दाखवायला काहीच हातात राहत नाही.

आणि चौथा पर्याय, चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन. कोड कधी येतो कधी जातो, वायरिंग जळाल्याचा वास येतो, किंवा पावसानंतरच त्रास होतो, तर पैसे यंत्रात घालण्यापेक्षा त्याला द्या. एअरबॅगचा कोड असेल तर पिवळ्या कनेक्टरांना मल्टिमीटर लावायचाच नाही, तिथे चुकून एअरबॅग फुटू शकते.