पिकअपची उंची वाढवताना: सोसायटीचे पार्किंग की गॅरेज?

पिकअपची उंची दीड-दोन इंचांनी वाढवायचे ठरले की चर्चा पैशांपासून सुरू होते. माझ्या मते ती जमिनीपासून सुरू व्हावी. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत. मेहुण्याच्या मदतीने मी गाडीची मागची बाजू घोड्यांवर, म्हणजे वजन पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर, टेकवली, तेव्हा अर्ध्या तासात डावीकडच्या घोडीचा एक पाय बोटभर खाली रुतला. त्या वेळी गाडीखाली कोणी नव्हते, एवढेच आमचे भाग्य. दोन टनांच्या आसपासचे धूड उचलायला सपाट काँक्रीट लागते, आणि ते नसेल तर घरचा विचार तिथेच सोडून गॅरेज गाठावे.

जमीन चांगली असली, तरी पुढची आणि मागची बाजू एकाच मापाने तोलू नये. आपल्याकडच्या इसुझू व्ही-क्रॉससारख्या गाडीला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि पुढे कॉइल स्प्रिंग असते. पाट्यांचे काम कष्टाचे असले तरी सरळ आहे: एक्सलला आधार द्यायचा, पाटे त्याला बांधणारे यू-बोल्ट सोडायचे, जादा पाटा घालायचा आणि पुन्हा आवळायचे. मुंबईच्या खाऱ्या हवेत हे नट गंजून बसतात, म्हणून आदल्या रात्रीच त्यांवर तेल सोडून ठेवावे. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, त्यामुळे नवेच घ्यावेत आणि काही शे किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासावेत. एवढी शिस्त पाळणाऱ्याने मागचे काम घरी करायला माझी हरकत नाही.

पुढच्या स्प्रिंगबाबत मात्र माझे मत ठाम आहे. दाबलेली कॉइल स्प्रिंग निसटली तर हात जातो, प्रसंगी जीवही जातो. बाजारात मिळणाऱ्या, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या दोन हुकांच्या कॉम्प्रेसरवर विसंबून ती घरी उघडू नये. घरीच करायचे असेल, तर शॉकअप, स्प्रिंग आणि वरची माउंटिंग जोडलेला तयार संच आणावा, म्हणजे स्प्रिंगला हात न लावता फक्त बोल्ट बदलावे लागतात.

माउंटिंगच्या वर बसणाऱ्या स्पेसरसाठीही (उंची वाढवणाऱ्या जाड चकतीसाठीही) स्प्रिंग उघडावी लागत नाही, आणि तो स्वस्तही असतो. शॉकअप चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर जोडलेला असल्यामुळे 25 मिलिमीटरचा स्पेसर गाडी जवळपास 50 मिलिमीटर उचलतो. परंतु चाक लटकताना ते पूर्वीपेक्षा तेवढेच अधिक खाली जाते आणि त्याचा ताण वरच्या बॉल जॉइंटवर व एक्सलच्या सांध्यावर येतो. पावसाळ्यात खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या गाडीला मी स्पेसर सुचवणार नाही.

गॅरेजमध्ये लिफ्ट असते, स्प्रिंग दाबायचा मोठा कॉम्प्रेसर असतो आणि काम एका दिवसात उरकते. उणीव असते ती सवडीची. माझ्या गाडीचे पुढचे काम मी एका गॅरेजला दिले होते. तिथे चाके हवेत लटकत असतानाच आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले गेले, त्यामुळे गाडी जमिनीवर येताच बुशचे, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळीचे, रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहिले. चार महिन्यांत करकर सुरू झाली आणि बुश फाटले. हे बोल्ट चाकांवर वजन आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात, आणि त्या वेळी मालकाने शेजारी उभे राहावे. चाकांच्या अलाइनमेंटसाठी मात्र दोन्ही मार्गांनी यंत्रापर्यंत जावेच लागते. ब्रेकच्या नळ्यांना ताण बसतो का आणि हेडलाइटचा झोत वर गेला का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

कायद्याची बाजू घर किंवा गॅरेज निवडल्याने बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. म्हणून सामान घेण्यापूर्वी आपल्या आरटीओत विचारावे, विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे, आणि तळघरात गाडी लावणाऱ्यांनी तुळईची उंचीही मोजावी.

यातून पार पडून काम सुरू केलेच, तर आधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, त्यामुळे 500 किलोमीटरनंतर तेच माप पुन्हा घेतले की कोणती बाजू खाली आली ते कळते.