डेमन की कोब्रा आर? कमी धावलेल्या दोन अमेरिकी गाड्या

संग्रहासाठी एकच मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची वेगवान अमेरिकी गाडी घ्यायची, तर २०१८ची डॉज चॅलेंजर एसआरटी डेमन की २०००ची फोर्ड मस्टँग एसव्हीटी कोब्रा आर?

आकड्यांत डेमन सरळ पुढे. ६.२ लिटर सुपरचार्ज्ड (जादा हवा दाबून भरणारं) व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, १०० ऑक्टेनच्या, म्हणजे रेसिंगच्या दर्जाच्या इंधनावर ८४० अश्वशक्ती. निघताना पुढची चाकं जमिनीवरून उचलते! शेजारची सीट हवी असेल तर एक डॉलर जास्त मोजायचा, ही डॉजची खास गंमत. पण अशा ३,३०० गाड्या बनल्या आणि अनेकांनी त्या पहिल्या दिवसापासून झाकूनच ठेवल्या. म्हणजे कमी धावलेली डेमन शोधणं फारसं अवघड नाही. त्यात २०२३मध्ये १,०२५ अश्वशक्तीची डेमन १७० आली आणि जुनीचा रुबाब थोडा उतरला.

कोब्रा आर फक्त ३००, सगळ्या लाल. ५.४ लिटर व्ही-८, ३८५ अश्वशक्ती, सहा गिअर, तेही हातानं टाकायचे. एसी नाही, रेडिओ नाही, मागची सीट नाही. ही शर्यतीच्या ट्रॅकसाठीच घडवलेली गाडी, त्यामुळे न पळवलेली मिळणं हीच खरी दुर्मीळ गोष्ट.

मीटरवरच्या आकड्याला मात्र भुलू नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, पेट्रोल शिळं होतं, टायर नक्षी शाबूत असूनही कडक होतात. कोब्रा आरच्या बाबतीत हे जास्त तपासावं लागतं, शिवाय तिचे खास सुटे भाग मिळवताना नाकी नऊ येतात.

तरीही माझं मत कोब्रालाच.