लीड ग्रीन असोसिएट की आयजीबीसी एपी? बेळगावकडच्या सिव्हिल-आर्किटेक्चरवाल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं सिव्हिल किंवा आर्किटेक्चर संपवून ग्रीन बिल्डिंगकडे वळली की या दोन परीक्षांपाशी अडतात: लीड या अमेरिकन इमारत-मानांकनाची ग्रीन असोसिएट, आणि इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची (आयजीबीसी) एपी, म्हणजे अक्रेडिटेड प्रोफेशनल. अभ्यासक्रम चाळून निर्णय होत नाही. पुढची पाच वर्षं कुणाच्या इमारतींवर काम करायचंय, ते आधी ठरवा.

बंगळूर-पुण्याचे आयटी पार्क, परदेशी कंपन्यांचे सल्लागार किंवा आखाती देश डोक्यात असतील तर लीड. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर या पट्ट्यातले बिल्डर, कारखाने, कॉलेजं यांच्यासोबत राहायचं असेल तर आयजीबीसी. सीआयआय या उद्योग संघटनेने 2001 साली सुरू केलेल्या या संस्थेचा कारभार हैदराबादहून चालतो.

बरेच जण एका गोष्टीत फसतात. प्रकल्पाच्या टीममध्ये आयजीबीसी एपी असेल तर आयजीबीसीच्या मानांकनात एक गुण मिळतो. लीडमध्येही तसा एक गुण आहे, पण तो स्पेशालिटी (एखादा खास विभाग) असलेल्या लीड एपीमुळे, म्हणजे पुढची परीक्षा पास झालेल्यामुळे. ग्रीन असोसिएटमुळे नाही. ग्रीन असोसिएट ही पहिली पायरी. नोकरी देणाऱ्याला तो गुण हवा असेल तर लीडच्या वाटेवर दोन परीक्षा धरूनच खर्चाचा हिशेब करा, आणि फी डॉलरमध्ये असते हेही धरा.

ग्रीन असोसिएटला 2 तासांत 100 बहुपर्यायी प्रश्न असतात. गुण 125 ते 200 या मापावर मोजतात, पास व्हायला 170 लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. पास झाल्यावर दर 2 वर्षांनी 15 तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं.

आपल्याकडच्या मुलांना लीडमध्ये खरा त्रास होतो तो एककांचा आणि अमेरिकन मानकांचा. गॅलन, चौरस फूट, अ‍ॅशरे या अमेरिकन संस्थेची मानकं 90.1 (ऊर्जा), 62.1 (वायुवीजन), 55 (औष्णिक आराम) हे आकडे कॉलेजात फारसे कानावर पडलेले नसतात. पाण्याचं गणित मात्र हातानं सोडवून बघाच. 40 पूर्णवेळ आणि 20 अर्धवेळ कर्मचारी म्हणजे 50 एफटीई (पूर्णवेळाच्या हिशेबात मोजलेले कर्मचारी). निम्म्या बायका धरल्या तर त्यांचे दिवसाला प्रत्येकी 3 फ्लश, पुरुषांचा 1 फ्लश आणि 2 वेळा युरिनल. बेसलाइन (तुलनेसाठी धरलेला) फ्लश 6 लिटर, युरिनल 3.8 लिटर. म्हणजे 100 फ्लशचे 600 आणि युरिनलचे 190, एकूण 790 लिटर. कमोड 4.8 लिटरचे बसवले की 670 लिटर, बचत साधारण 15 टक्के. हे एकदा जमलं की पाण्याचे प्रश्न सोपे होतात. नुसत्या पाठांतराला मात्र प्रीरिक्विझिट आणि क्रेडिटमधला फरक हमखास अडवतो: पहिलं सक्तीचं आणि बिनगुणांचं, दुसरं ऐच्छिक आणि गुणांचं.

आयजीबीसीकडे मेट्रिक मापं, राष्ट्रीय इमारत संहिता, ईसीबीसी (इमारतींच्या ऊर्जाबचतीची संहिता). व्हीटीयूतून शिकलेल्यांना हे वळण ओळखीचं वाटतं. इथे कस लागतो तो यू-व्हॅल्यू (भिंत, छत, काचेतून उष्णता किती वेगाने जाते) आणि काचेच्या एसएचजीसीत (उन्हाच्या उष्णतेचा किती वाटा काचेतून आत येतो). दोन्ही आकडे जितके कमी तितकी आत येणारी उष्णता कमी, एवढं पक्कं असलं तरी निम्मी गफलत टळते.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांनी इंग्रजी प्रश्नांतल्या ‘सर्वांत योग्य’ आणि ‘यापैकी नाही’ अशा शब्दांखाली बोट ठेवून वाचायची सवय लावावी. वेळ तिथेच जातो.

सरकारी इमारतींचं काम करायचं असेल तर मात्र या दोन्हींआधी गृहा ही भारतीय मानांकन पद्धत बघा. तिचं मुख्य मानांकन 2500 चौरस मीटरपासून पुढच्या इमारतींना लागू आहे.

नोंदणी करताना नावाची खात्री करा. आपल्या भागात एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, तिसऱ्यावर वडिलांचं नाव शेवटी, असा गोंधळ नेहमीचा. ओळखपत्र आणि नोंदणी जुळली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. घरून लीड देणार असाल तर वीज गेल्यावर लॅपटॉपसोबत राउटरही चालू राहील असा यूपीएस ठेवा. आणि सीनियरच्या जुन्या नोट्स घेण्याआधी सध्याचं हँडबुक उघडा: लीडची व्ही5 आवृत्ती एप्रिल 2025 मध्ये आली आहे.