पावसाळ्यातल्या गोगलगाई: राख, मीठ, चुना की गुळाचं गोणपाट?

मृगाचा पाऊस पडून आठ दिवस होत नाहीत तोच परसातल्या गोंड्याच्या (झेंडूच्या) रोपांचे नुसते दांडे उरतात. काल संध्याकाळी चार पानांवर आलेली काकडी सकाळी दिसत नाही, आणि मातीवर चकचकीत वाळलेल्या रेघा. मग जो भेटेल तो उपाय सांगतो. राख टाका, मीठ मारा, चुना भुरभुरवा, अंड्याची टरफलं पसरा. गुहागर तालुक्यातल्या आमच्या परसात मी यातलं जवळजवळ सगळं करून पाहिलंय. माझा कौल आधीच सांगते. उघड्यावरच्या वाफ्यांना गुळाचं गोणपाट, पडवीतल्या कुंड्यांना राख, आणि मातीत मीठ कधीही नको.

यात एकच गोष्ट निर्णायक ठरते, ती म्हणजे तुमच्या झाडावर पाऊस पडतो की नाही. बहुतेक घरगुती उपाय कोरडे असेपर्यंतच चालतात. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. ती पोटाच्या मऊ, ओल्या तळव्यावर सरकत चालते. कोरडी भुकटी त्या तळव्याला चिकटते, चिकटा शोषून घेते आणि ती मागे वळते. कोकणात वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत गोगलगाई बाहेर असतात. भुकटी कोरडी राहणार कुठे?

मिठाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यांचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो. मीठ अंगावर पडलं की गोगलगाईच्या शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती मरते, हे खरंच. पण वाफ्याभोवती मिठाची रेघ ओढली तर पहिल्या सरीला ते विरघळून थेट मुळांशी जातं. खाडीकाठी राहणाऱ्यांना मी काय सांगू? बांध फुटून भरतीचं पाणी आत शिरलं की भातशेतीचं काय होतं, ते आपण पाहिलेलं असतं. माडाच्या आळ्यात मीठ घालायची आपल्याकडे पद्धत आहे, पण माड खारं सोसतो. मिरची, वांगी, पडवळ, गोंडा यांना ते सोसत नाही. शिवाय गोगलगाईची पिल्लं खाणाऱ्या बेडकांनाही मिठाचा चटका बसतो. मिठाची जागा बादलीत. गोळा केलेल्या गोगलगाई बुडवायला मिठाचं दाट पाणी चांगलं, आणि ते पाणी नंतर झाडापासून लांब ओतायचं.

राख त्या मानाने कितीतरी सभ्य. चुलीची किंवा न्हाणीच्या बंबाखालची, लाकडाची, चाळलेली राख घ्यावी. पडवीत किंवा खोल वळचणीखाली असलेल्या कुंडीभोवती दोन-तीन बोटं रुंद, सलग वेटोळं घालायचं. कुठेही फट नको आणि बुंध्याला राख टेकू द्यायची नाही. मागच्या पावसात मी पडवीतल्या मिरचीच्या सहा कुंड्यांना अशी राख घातली. पागोळ्यांचे शिंतोडे येणाऱ्या कडेच्या दोन कुंड्यांचे शेंडे खाल्ले गेले, आतल्या चार सुखरूप राहिल्या. म्हणजे एक हात अंतराने निकाल बदलला. उघड्या वाफ्यात मात्र राख पहिल्याच सरीत चिखल होते, आणि त्या चिखलावरून गोगलगाय आरामात जाते. आपली जांभ्याची माती आंबट असते, त्यामुळे थोडी राख मातीलाही मानवते. फक्त अनंताला आंबट मातीच लागते, त्याच्याजवळ ती नको.

चुन्याचं गणित फसवं आहे. ताजी, कोरडी चुन्याची भुकटी गोगलगाईला भाजते आणि राखेपेक्षा जोरात अडवते. पण चुना भिजून हवेत मुरला की त्याची साधी खडूसारखी भुकटी होते, आणि शंख वाढवायला गोगलगाईला नेमकं तेच लागतं. पावसाळ्यात चुना दिलेल्या भिंतीवर त्या चिकटलेल्या दिसतात, त्या भिंत खरवडून चुना खात असतात. एका रात्रीचा अडसर पुढच्या आठवड्यात खाऊ ठरतो. वापरायचाच तर मेलेल्या गोगलगाई पुरताना खड्ड्यात घाला. हात आणि डोळे सांभाळा.

अंड्याच्या टरफलांवर फार शब्द नकोत. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये लेट्यूसच्या रोपांवर टरफलं, तांब्याची पट्टी, खडी, झाडाची साल आणि लोकरीच्या गोळ्या तपासल्या. काहीच न केलेल्या रोपांइतकंच नुकसान या रोपांचंही झालं. मोकळ्या वाफ्याभोवती महागडी तांब्याची पट्टी गुंडाळायला मी म्हणूनच कुणाला सांगत नाही.

आता गोणपाट. पाच लिटर पाण्यात अर्धा किलो गूळ विरघळवायचा. काळा, पाघळलेला, स्वस्तातला गूळही चालतो. त्यात तागाचं जुनं गोणपाट बुडवून, जरा पिळून, तिन्हीसांजेला वाफ्यांच्या मधे पसरायचं. प्लॅस्टिकची गोणी नको, ती ओल धरत नाही. खाली पपईची दोन-चार पानं टाकली तर आणखी बरं. सकाळी ऊन चढायच्या आत गोणपाट एका टोकाने उचलून हळूच उलटायचं. पहिल्यांदा मी ते उलटलं तेव्हा तागाच्या विणीला करंगळीच्या नखाएवढी पिल्लं ओळीने चिकटली होती, मधे अंगठ्याएवढे तपकिरी पट्ट्यांचे शंख, आणि कडेला ओल्या चामड्याच्या तुकड्यासारख्या दोन काळ्या, चपट्या, बिनशंखाच्या गोगलगाई. या बिनशंखाच्या गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन शोधल्या तरी मला कधी सापडल्या नव्हत्या.

पावसाने गूळ धुऊन जातो हा आक्षेप बरोबर आहे. तरीही गोणपाट काम करत राहतं, कारण दिवस उजाडला की गोगलगाईला काळोख आणि ओल हवी असते आणि ती गोणपाटाखाली मिळते. राख आणि मीठ जिथे पावसाशी झगडतात, तिथे गोणपाटाला पाऊस उपयोगीच पडतो. दर दोन-तीन दिवसांनी ते पुन्हा गुळात बुडवावं. कष्ट मात्र रोजचे आहेत. सकाळी उचललं नाही तर आपणच त्यांना घर बांधून दिल्यासारखं होतं. मुंग्याही लागतात.

जागा थोडी असेल तर करवंटी वापरा. आंबोळीचं उरलेलं, आंबलेलं पीठ पातळ करून करवंटीत घाला, ती काठापर्यंत मातीत पुरा आणि वर पोफळीची विरी (झावळीच्या बुडाचं रुंद, जाड आवरण) तिरकी ठेवा. आंबूस वासाला गोगलगाई येतात. पण विरी उडाली की करवंटी पावसाने भरते, म्हणून हा उपाय चार कुंड्यांपुरताच.

गोळा करताना उघडा हात लावू नका. चिमटा घ्या किंवा हातात पिशवी घाला. या गोगलगाईंमध्ये उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीची पिल्लं असू शकतात, आणि ती पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मुलांना शंखांशी खेळू देऊ नये, आणि पालेभाजीचं पान न् पान धुवावं.

नासधूस करणारी मोठी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली, तिथून ती पसरली. लांबट, टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा शंख ही तिची ओळख. सह्याद्रीच्या स्वतःच्याही कितीतरी गोगलगाई आहेत. झाडाच्या खोडावरचं शेवाळ खाणाऱ्या लहानग्यांना मारू नका. विषारी गोळ्या मी आणत नाही त्याचंही कारण असंच. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्याने खाल्ल्या तर तो दगावू शकतो, आणि गोगलगाई फोडून खाणारा भारद्वाज आमच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, रोज येतो.

मग तुम्ही काय निवडाल? पडवीत आठ-दहा कुंड्या असतील तर राख आणि एखादी करवंटी पुरे. दोन-तीन गुंठे परसबाग असेल तर वाफ्यागणिक एक गोणपाट, आणि सकाळची वीस मिनिटं. मुंबईहून शनिवार-रविवारीच गावी येणार असाल तर गोणपाट पसरून जाऊ नका. रात्री नऊनंतर टॉर्च आणि बादली घेऊन फिरा, आणि बागेजवळचे सोडणांचे (नारळाच्या सालांचे) ढीग नि कुजलेल्या झावळ्या आधी हलवा, कारण दिवसा त्या तिथेच बसतात.

सुरुवात मात्र पहिल्या पावसातच करा. मोठी शंखी एका वेळी 100 ते 200, कधी त्याहूनही जास्त अंडी घालते. ओल्या मातीत बोटभर खोल, भिजलेल्या साबुदाण्यासारखी पांढरट-पिवळसर दिसतात. खुरपताना असा घोस लागला तर तोही मिठाच्या बादलीत टाका. आणि पाऊस सरला की विसरू नका. कोरड्या दिवसांत शंखाचं तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून त्या चिऱ्यांच्या गडग्यात, सोडणांखाली, पायरीच्या फटीत निजलेल्या असतात. आम्ही शिमगा झाला की एक दिवस काढतो, गडग्याच्या फटी काठीने उकरतो आणि त्या वेचतो. तेव्हा ना गूळ लागतो, ना राख.