‘ईव्हीए’ म्हणून गळ्यात मारलेलं पीव्हीसी

मे महिन्यात मालवणात एका हॉलमध्ये गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. तिथून मी ड्रॉवरमध्ये अंथरायचे चार रोल आणि ‘बांबूचे’ तीन ऑर्गनायझर घेतले. 1,850 रुपये. विकणारा गोडबोल्या. “ईव्हीए आहे ताई, मऊ प्लास्टिक, बुरशी धरत नाही, खास कोकणच्या हवेसाठी.” कोकणासाठी खास म्हटलं की आपण विरघळतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घरी सासूबाई म्हणाल्या, “पेपर घाल गो, भिजलो तर बदलूक तरी येता.” मी हसले.

जुलैत खालचा ड्रॉवर अडकला. जोर लावून उघडला तर कुबट वास. रोल मागून चिकट होता, त्यामुळे खाली कोंडलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच नव्हती. सोलायला गेले तर पॉलिशही निघून आलं, खाली हिरवीकाळी बुरशी. दोन सुती साड्या डागाळल्या. ऑर्गनायझरच्या कडा पावासारख्या फुगलेल्या. वरचा बांबूच्या नक्षीचा छापील पापुद्रा सुटला आणि आतून एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचा, भुसा निघाला. उरलेला न उघडलेला रोल मोजला. वेष्टनावर पाच मीटर, आत साडेतीन!

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या भावाने फोनवरच सांगितलं, तुकडा पाण्यात बुडवून सोड. फोम नसलेली ईव्हीएची शीट पाण्याहून हलकी, ती वर येते; पीव्हीसी, म्हणजे पाइपांचं प्लास्टिक, जड. माझा तुकडा थेट तळाला. एवढं मी स्टॉलवरच्या पाण्याच्या ग्लासातही करू शकले असते. (त्याने करू दिलं असतं का, हा प्रश्न आहे.) खऱ्या बांबूच्या कापलेल्या कडेवर तंतू, ठिपके दिसतात, इथे कडेलाही पट्टी चिकटवलेली होती, तेव्हाच शंका यायला हवी होती.

तक्रार करावी म्हणून ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर काढला, पण नाव कोणाचं सांगणार? वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता नाही, आणि बिल म्हणजे वहीतून फाडलेली चिठ्ठी. तिच्यावरचा मोबाइल बंद. पाकिटावर नाव-पत्ता छापलेला नसेल आणि पक्कं बिल मिळत नसेल, तर माल तिथेच ठेवा.

आता ड्रॉवरमध्ये पेपर आहे, कोपऱ्यात वाळ्याची जुडी. सासूबाई अजून एक शब्द बोललेल्या नाहीत. फक्त हल्ली रद्दी माझ्या खोलीत आणून ठेवतात.