पिक्सल एलईडी माळ, सहा महिन्यांनंतर: वायरच्या रंगावर जाऊ नका

गणपतीच्या मखरासाठी बुधवार पेठेतून दोन माळा आणल्या होत्या. दोन्ही ५ व्होल्टच्या, प्रत्येकी ५० बल्ब, प्रत्येक बल्बच्या आत त्याचा रंग ठरवणारी डब्ल्यूएस२८११ चिप. मखर, मग नवरात्र, मग दिवाळीचा कंदील आणि आता गॅलरी, असा सहा महिन्यांचा वापर झाला. माळ म्हणून समाधानी आहे. तक्रार आहे ती वायरींबद्दल.

पहिल्या माळेत लाल, हिरवी, पांढरी: लाल प्लस, हिरवी डेटा (कुठल्या बल्बने कोणता रंग दाखवायचा तो सिग्नल), पांढरी ग्राउंड, म्हणजे मायनस. दुसरीत निघाल्या लाल, पांढरी, निळी. पाकिटावर काही लिहिलेलं नव्हतं. पांढरी म्हणजे ग्राउंडच असणार असं धरून जोडली आणि पहिलाच बल्ब गेला. या माळेत पांढरी डेटाची होती. सगळ्या माळेचा करंट पहिल्या चिपच्या डेटाच्या पायातून परतायला लागला, ती कशी टिकणार? पहिला बल्ब मेला की पुढच्यांना डेटा पोचतच नाही, त्यामुळे योग्य जोडणी करूनही सगळी माळ अंधारात. तो कापून दुसऱ्या बल्बपासून जोडली, तेव्हा उरलेले ४९ लागले. गणपती बसायच्या आदल्या रात्री हे सगळं चाललं होतं.

तेव्हापासून सप्लाय लावायच्या आधी मल्टीमीटर. कंटिन्युटीवर ठेवून एक प्रोब सुरुवातीच्या वायरला आणि दुसरा माळेच्या शेवटी त्याच रंगाच्या वायरला लावायचा. प्लस आणि ग्राउंड या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातात, म्हणून बीप येतो. डेटाची वायर मात्र प्रत्येक बल्बपाशी तुटलेली असते, कारण चिप आपल्या वाटचा डेटा ठेवून घेते आणि उरलेला पुढे पाठवते. जी वाजत नाही ती डेटा.

उरलेल्या दोन वायरींसाठी मल्टीमीटरचाच डायोड मोड (डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग). एकीवर लाल प्रोब, दुसरीवर काळा, मग उलट. ज्या वेळी साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा येऊन स्थिरावतो, त्या वेळी लाल प्रोब ग्राउंडवर असतो. इथेच नवीन माणूस फसतो, लाल प्रोब म्हणजे प्लस असं त्याला वाटतं. हे उलटं का, तर चिपच्या आतल्या डायोडमधून करंट ग्राउंडकडून प्लसकडे वाहतो. काही माळांच्या टोकाला दोन सुट्या वायरी जास्तीच्या असतात, त्या प्लस आणि ग्राउंडच्याच. पुढे सप्लाय जोडायला ठेवलेल्या.

डेटा कुठल्या टोकाने आत जातो हेही बघावं लागतं. कनेक्टर नर की मादी यावरून मला ते कधीच खात्रीने कळलं नाही. बल्ब पारदर्शक असेल तर टॉर्च धरून आतल्या पट्टीवरचा बाण दिसतो. दुधी असेल तर डेटाला ४७० ओहमचा रेझिस्टर लावून एकेक टोक तपासतो.

वापरातलं थोडक्यात. पूर्ण पांढऱ्यावर एक बल्ब जास्तीत जास्त ६० मिलीअँपिअर घेतो, म्हणजे ५० बल्बना ३ अँपिअर. मी दोन माळांना ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावला. तरी शेवटचे बल्ब पांढऱ्याऐवजी पिवळट दिसायचे, दुसऱ्या टोकालाही सप्लाय दिल्यावर ते थांबलं. कंट्रोलर म्हणून ईएसपी३२ बोर्ड, त्यावर माळ चालवणारं डब्ल्यूएलईडी हे सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्यात लाल मागितला की हिरवा यायचा, रंगांचा क्रम बदलून आरजीबी (लाल, हिरवा, निळा) केला. कंट्रोलर माळेपासून लांब होता तेव्हा बल्ब फडफडायचे. ३.३ व्होल्टचा सिग्नल तिथवर कमी पडत होता, मध्ये तो ५ व्होल्टपर्यंत वाढवणारी ७४एएचसीटी१२५ चिप टाकल्यावर स्थिर झाले. डिसेंबरात मधला एक बल्ब आपोआप गेला आणि पुढची माळ बंद पडली, नवा डाख देऊन लावला. गॅलरीतल्या उन्हाने निळी वायर वळणापाशी कडक झाली आहे, तिथे आता हात लावत नाही.

परवा तिसरी माळ आणली. तिच्या तिन्ही वायरी हिरव्या. मोजून झाल्यावर प्रत्येकीला चिकटपट्टीचा झेंडा लावला आणि मार्करने लिहिलं: प्लस, डेटा, ग्राउंड. शेवटच्या टोकालाही लावला. पहिल्या फटक्यात सगळे ५० लागले.