देकार्त ते विटगेनश्टाइन : रॉजर स्क्रूटन यांचा परिचयग्रंथ

आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाकडे नव्याने वळणाऱ्याला बहुतेक जण बर्ट्रांड रसेल यांचा १९४५ सालचा ‘अ हिस्टरी ऑफ वेस्टर्न फिलॉसॉफी’ हा ग्रंथ सुचवतात. त्याची भाषा इतकी प्रवाही आहे की पाने भराभर उलटली जातात. पण कांटपाशी आल्यावर त्या ओघाची मर्यादा जाणवते. तिथे अवकाश आणि काळ यांविषयीच्या त्याच्या मतांचे सविस्तर खंडन वाचायला मिळते, पण मुळात कोणता पेच सोडवण्यासाठी कांटला एवढा खटाटोप करावा लागला, हे पुरेसे उलगडत नाही. कवी बायरनला त्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण आहे, डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगॉरला नाही.

म्हणून मी रॉजर स्क्रूटन यांचे ‘अ शॉर्ट हिस्टरी ऑफ मॉडर्न फिलॉसॉफी’ (१९८१) हे आटोपशीर पुस्तक आधी वाचावे असे म्हणेन. एखादा विचार कुठून आला आणि त्याचा प्रभाव कोणावर पडला, हे पाहणे म्हणजे कल्पनांचा इतिहास. तो विचार खरा आहे का, हे तपासणे तत्त्वज्ञानाच्या इतिहासाला टाळता येत नाही, असा भेद ते आरंभीच करतात आणि तो पुढे कसोशीने पाळतात. स्पिनोझा भिंगे घासून पोट भरत असे, ही हकीकत सांगायला सर्वांनाच आवडते. इथे भर आहे तो द्रव्याच्या व्याख्येवर : जे स्वतःच्या ठायी असते आणि ज्याचे आकलन अन्य कशावरही अवलंबून नसते, ते द्रव्य. ही व्याख्या स्वीकारली की द्रव्य एकच, आणि तेच ईश्वर अथवा निसर्ग, या निष्कर्षाकडे स्पिनोझा का ओढला जातो, हे वाचकाला कळू लागते.

पुस्तकाची खरी ताकद त्याच्या बांधणीत आहे. देकार्तने ज्ञानाचा पाया ‘मी’च्या स्वतःविषयीच्या निःशंक खात्रीवर उभारला, अखेरच्या प्रकरणात विटगेनश्टाइनचा खासगी भाषेविरुद्धचा युक्तिवाद, म्हणजे केवळ बोलणाऱ्यालाच कळू शकेल अशी भाषा असूच शकत नाही हे म्हणणे, त्याच पायाला हादरा देतो. त्यामुळे मधले ह्यूम, कांट, फ्रेगे सुटेसुटे राहत नाहीत, एकाच दीर्घ वादातले पक्ष वाटतात, आणि अवघड परिच्छेद दुसऱ्यांदा वाचण्याचे श्रम वाया जात नाहीत. माझ्या मते परिचयग्रंथाची वाचनीयता यावरच जोखावी.

हे पुस्तक सोपे मात्र नाही. स्क्रूटन यांची इंग्रजी वाक्ये घट्ट विणीची आहेत, आणि हेगेलवरचे प्रकरण तर इतके दाटीवाटीचे आहे की नवख्याने ते पहिल्या वाचनात बाजूला ठेवले तरी चालेल. देकार्तचे ‘मेडिटेशन्स’ (१६४१) छोटे आहे. ते सोबत ठेवल्यास आरंभीची प्रकरणे पुष्कळ सुकर होतात. विचाराचे मोल त्याच्या व्यवहारातल्या परिणामांवरून ठरवणाऱ्या अमेरिकी फलप्रामाण्यवादाला (प्रॅग्मॅटिझम) या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण नाही, ही उणीव मला खटकते. त्या पंथातल्या विल्यम जेम्स आणि जॉन ड्यूई यांच्यासाठी रसेल यांच्याकडेच जावे लागेल. त्या दोघांवरची प्रकरणे तिथे आहेत आणि ती आवर्जून वाचावीत.